शाप, सोंग आणि दत्तक : तळकाडच्या शापकथेचे एक तौलनिक वाचन

१

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातून जंबूसवारी जाते. राजवाड्यातून निघालेली ही मिरवणूक कृष्णराज चौकातून सयाजीराव रस्त्याला लागते, देवराज बाजाराच्या कडेने पुढे सरकते आणि सुमारे पाच किलोमीटरवरील बन्निमंटपाला पोहोचते. हत्तीच्या पाठीवरील साडेसातशे किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत पूर्वी म्हैसूरचा राजा बसत असे. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ साली रद्द झाल्यानंतर त्या जागी चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होऊ लागली. राजकुलाचा वारस मात्र नवरात्रात राजवाड्याच्या आत खासगी दरबार भरवितो आणि सुवर्णसिंहासनावर आरूढ होतो. ज्याच्याकडे राज्य नाही असा राजा, ज्यांच्यावर प्रजा असण्याचे बंधन नाही अशा लोकांसमोर, राजाची भूमिका वठवितो. आणि ही भूमिका आहे याची जाणीव दोन्ही बाजूंना असते.

याच राजवाड्याच्या कुलाचारात अलमेलम्मा नावाच्या स्त्रीच्या पूजेला स्थान आहे. ही स्त्री वोडेयरांची पूर्वज नव्हे, कुलदेवता नव्हे किंवा उपकारकर्तीही नव्हे. परंपरेनुसार तिने वोडेयरांच्या वंशाला निपुत्रिकत्वाचा शाप दिला. ज्या घराने तिला मरणाच्या कड्यावर आणले, त्या घराने तिची मूर्ती करून पूजा आरंभिली. शाप देणारी आणि शापित हे दोघे एकाच देवघरात चारशे वर्षे नांदत आहेत, ही घटना केवळ लोकश्रद्धेची नोंद म्हणून सोडून देण्याजोगी नाही. सूडाच्या शापाचा प्रभाव नेमका कशावर पडतो आणि त्याचा प्रतिकार कोणत्या मार्गाने होऊ शकतो, या प्रश्नाचे एक उत्तर तीत दडलेले आहे.

हा प्रश्न आज एका अनपेक्षित क्षेत्रातही विचारला जातो. पाश्चात्त्य जगात १९७४ पासून रूढ झालेल्या आणि पुढे भारतीय शहरांतील तरुणांपर्यंत पोहोचलेल्या काल्पनिक भूमिकाखेळांत अमानवी सूड, शापित घराणी आणि शापाशी झुंजणारी पात्रे हा नित्याचा विषय आहे. या खेळांनी शापाला नियमबद्ध रूप दिले असल्यामुळे पुराणकथेत आणि दंतकथेत जे गृहीत धरले जाते, ते तेथे उघड मांडावे लागते. तळकाडची शापकथा, महाभारतातील काही प्रसंग, ययातीचे कन्नड व मराठी अवतार आणि हे खेळ एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता एक सूत्र हाती लागते : शाप लागतो तो भूमिकेला, त्याची दहशत निर्माण होते ती भूमिका आणि व्यक्ती यांच्यातील सीमा पुसली गेल्यावर. या सूत्राचे विवेचन आणि त्याची मर्यादा यांचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

कथेचा ऐतिहासिक सांगाडा सुपरिचित आहे. विजयनगरच्या सत्तेचा श्रीरंगपट्टण येथील प्रतिनिधी तिरुमलराय (काही कथनांत श्रीरंगराय) याच्याकडून राजा वोडेयर याने १६१० साली ते ठाणे जिंकून घेतले. प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्यापाशी मौल्यवान दागिने होते. श्रीरंगपट्टणच्या देवळातील रंगनायकीला ते ठराविक वारी घातले जात, म्हणून ते देवीचे आहेत, असा दावा करून नव्या राजाने त्यांची मागणी केली. तिने काही दिले, उरलेले राखले. शिपाई पाठीवर आले तेव्हा तळकाडजवळ तिने दागिन्यांसह कावेरीत उडी घेतली आणि उडी घेताना तीन गोष्टी मागितल्या : तळकाडची वाळू व्हावी, मालंगीचा डोह व्हावा आणि म्हैसूरच्या राजांना मुले होऊ नयेत.

या उच्चाराची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिल्या दोन मागण्या भूगोलाच्या आहेत, तिसरी वंशाची. पहिल्या दोन कोणालाही डोळ्यांनी पाहता येतात. तळकाडची देवळे खरोखरच वाळूखाली गेली आहेत. समोरच्या काठाशी मालंगीजवळ कावेरी खोल आहे. श्रोता प्रथम वाळू पाहतो, मग डोह पाहतो आणि त्या दोहोंच्या साक्षीवर तिसरे विधान न पाहताच स्वीकारतो. वाळूचे वजन वंशाच्या पारड्यात टाकण्याची ही युक्ती लोककथेच्या रचनाकौशल्याची साक्ष देते. वाळूचे कारण नदीच्या वळणात, वाऱ्यात आणि बंधाऱ्यात शोधता येते. कृषिशास्त्रज्ञ व कन्नड कादंबरीकार के. एन. गणेशय्या यांनी या आपत्तीचा पर्यावरणीय अन्वयार्थ लावला आहे; तळकाडजवळ माधवमंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा विजयनगरकालीन बंधारा त्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो. म्हणजे कथेने वाळू निर्माण केलेली नाही. वाळूने कथेला पुरावा पुरविला आहे.

तिसऱ्या मागणीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. राजा वोडेयरनंतर १६१७ साली त्याचा नातू गादीवर आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकविसाव्या शतकापर्यंत तर एक लय दिसते : १७७६ साली निवडला गेलेला दत्तक चामराज, त्याचा औरस पुत्र तिसरा कृष्णराज, त्याला औरस वारस नाही म्हणून १८६५ साली दत्तक घेतलेला चामराजेंद्र, त्याचा औरस पुत्र चौथा कृष्णराज, त्याला अपत्य नाही म्हणून पुतण्या जयचामराजेंद्र, त्याचा औरस पुत्र श्रीकंठदत्त, आणि २०१३ साली तो निपुत्रिक वारल्यावर २०१५ साली त्याच्या पत्नीने दत्तक घेतलेला यदुवीर. एकाआड एक पिढीला शाप बाधतो, ही लोकप्रिय आवृत्ती या यादीवरून बेतलेली आहे. परंतु याच घराण्यात चिक्क देवराज, त्याचा पुत्र कंठीरव नरसराज आणि त्याचा पुत्र पहिला कृष्णराज अशा तीन पिढ्या १६७३ ते १७३२ या काळात बापाकडून मुलाकडे सरळ आल्या. शापाच्या सर्वांत जवळचे शतक शापाला जुमानत नाही आणि दूरची शतके त्याचे पालन करतात! शिवाय 'एकाआड एक' ही अट मूळ उच्चारात नाही. ती वंशावळ पाहून मागाहून घातलेली दुरुस्ती आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये यदुवीर यांना पुत्र झाला तेव्हा चारशे वर्षांचा शाप सुटल्याच्या बातम्या वृत्तपत्रांनी दिल्या. वास्तविक 'एकाआड एक' या आवृत्तीनुसार दत्तकाला पुत्र होणे हे शापाचे पालनच होय. सुटला म्हटले तरी कथा टिकते, सुटला नाही म्हटले तरी टिकते. कोणत्याही घटनेने खोटी न ठरणारी ही रचना शापाच्या प्रभावाचे पहिले रहस्य आहे.

३

भारतीय परंपरेत शाप क्वचितच एकटा येतो. शाप, शापभोग आणि उःशाप अशी त्याची त्रिपदी रचना असते. कालिदासाने महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नव्याने घातला आणि त्यासोबत ओळखीच्या अलंकाराचा उःशापही घातला. शाप हा कथानकाला पडलेला पीळ ठरला आणि उःशाप ती पीळ सोडविण्याची सोय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा मराठी संगीत रंगभूमीचा आरंभच एका सुटणाऱ्या शापाने झाला, हे लक्षणीय आहे.

भूमिकाखेळांच्या जगात हीच त्रिपदी स्वतंत्रपणे सिद्ध झालेली दिसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात सूत्रधार कथेचे जग उभे करतो, प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि अनिश्चित प्रसंगांचा निकाल फाशांवर लागतो. शाप किंवा तत्सम आघात झाला की पात्राला बहुधा प्रतिकाराची एक संधी मिळते. तिला 'सेव्हिंग थ्रो' म्हणतात : वीस बाजूंच्या फाशावर ठरलेल्या अंकाइतके किंवा अधिक दान पडले तर प्रभाव टळतो अथवा सौम्य होतो. या खेळातील 'रेव्हनलॉफ्ट' ही भयकथांची शाखा १९८३ साली ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या रचनेतून सुरू झाली. तिच्या २०२१ च्या मार्गदर्शक ग्रंथात शापाचे तीन घटक सांगितले आहेत : उच्चारण, भार आणि निरसन. ज्याच्यावर अन्याय झाला तो उच्चारतो. ज्याला शाप लागला तो भार वाहतो. आणि निरसनाची वाट शाप रचतानाच ठरवावी लागते. संस्कृत परंपरेशी प्रत्यक्ष संबंध नसतानाही खेळाच्या रचनाकारांना उःशापाची गरज भासली, याचे कारण उघड आहे. ज्यातून बाहेर पडण्याची वाटच नाही असा शाप खेळता येत नाही. तो केवळ सोसता येतो.

तळकाडच्या शापात नेमका हाच तिसरा घटक नाही. अलमेलम्मा उःशाप देण्यासाठी थांबत नाही. तिच्यापाशी वेळ नाही आणि ज्याच्याकडे दाद मागावी असा अधिकारीही नाही, कारण न्याय देणारा राजाच फिर्यादीचे कारण आहे. सूडाचा शाप हा न्यायालय नसलेल्या माणसाचा अर्ज असतो. म्हणूनच त्याला कालमर्यादा नसते आणि तो मूळ अपराध्यापुरता थांबत नाही. म्हैसूरच्या राजकुलापुढील प्रश्न असा होता, की उःशापाविना आलेल्या शापाला उःशाप कोठून आणावा.

४

शापाचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न महाभारताने दोन प्रसंगांत विचारला आहे आणि दोन्ही प्रसंगांत भूमिकेचा अदलाबदल आहे.

पहिला प्रसंग मौसलपर्वातील. यादव तरुणांनी सांबाला गर्भवती स्त्रीचे सोंग दिले आणि ऋषींसमोर उभे करून हिला काय होईल, असे थट्टेने विचारले. संतप्त ऋषींनी सोंगालाच उत्तर दिले : याच्या पोटी लोखंडी मुसळ जन्मेल आणि ते कुलाचा नाश करील. स्त्रीची भूमिका पुरुषाने घेतली होती; शापाने ती भूमिका अक्षरशः खरी केली. सोंग उतरले, प्रसूती उरली. मुसळाचे चूर्ण करून ते समुद्रात टाकले गेले, परंतु किनाऱ्यावर एरका गवत उगवले आणि त्या गवतानेच यादवांनी परस्परांना मारले. त्याआधी छत्तीस वर्षे गांधारीने कृष्णाला दिलेला कुलक्षयाचा शाप अशा रीतीने सोंगाच्या वाटेने आत शिरला. वस्तू नष्ट केली की प्रभाव नष्ट होतो, या प्रतिकारपद्धतीचे अपयश या प्रसंगात नोंदलेले आहे.

दुसरा प्रसंग ययातीचा. शुक्राचार्यांनी दिलेल्या जरेच्या शापाला एक सवलत आहे : कोणी स्वेच्छेने स्वीकारील तर जरा दुसऱ्याला देता येईल. पुरू पित्याची जरा घेतो; म्हणजे पुत्र पित्याची भूमिका घेतो आणि पिता पुत्राची. वि. स. खांडेकरांच्या १९५९ मधील कादंबरीने ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापल्या मुखाने बोलू दिले आणि प्रश्न भोगवादाच्या नैतिक परीक्षेकडे नेला. माथेरान येथे जन्मलेल्या, मराठीशी निकटचा परिचय असलेल्या गिरीश कार्नाडांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्नड नाटकात पुरूला चित्रलेखा ही पत्नी दिली. पिता आणि पुत्र यांच्यात शापाची जी देवघेव झाली, तिच्यात चित्रलेखेला कोणी विचारले नाही. तरुण पतीच्या जागी अकाली वृद्ध झालेला पुरुष तिला स्वीकारावा लागतो. ती मरण पत्करते, तेव्हाच ययाती आपली जरा परत घेतो. खांडेकरांची कादंबरी शाप भोगणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावते. कार्नाडांचे नाटक ज्याच्यावर शाप नव्हताच त्याच्याकडे बोट दाखविते. एकाच उपाख्यानाच्या दोन शेजारभाषांतील या दोन वाचनांमधले अंतर म्हैसूरच्या प्रश्नाला थेट भिडते, हे पुढे दिसून येईल.

५

भूमिकेला लागलेला शाप व्यक्तीला लागतो काय? जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत उच्चार हीच कृती ठरण्याचा सिद्धान्त आला आहे. नटाने रंगभूमीवर केलेला उच्चार मात्र त्यांनी या विचारातून बाजूला ठेवला, कारण तो परोपजीवी आणि पोकळ. त्यांच्या मते नाटकातील लग्नाने कोणी विवाहित होत नाही. योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये क्रीडेची कल्पना मांडताना तिच्याभोवतीच्या वेगळ्या अवकाशावर भर दिला. या दोन्ही विचारांनुसार खेळातील शाप खेळाच्या रेषेबाहेर येऊ नये.

परंतु रेषा ओलांडली गेल्याचा दावा प्रत्यक्षात झालेला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने १९८२ साली आयुष्य संपविले. शाळेत खेळल्या गेलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या डावात मुलाच्या पात्राला शाप दिला गेला होता आणि तोच त्याच्या मृत्यूस कारण झाला, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी दावा दाखल केला. तो न्यायालयात टिकला नाही. १९८३ मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना उभारली आणि त्या दशकात अमेरिकेत खेळाविषयी जी भीती पसरली तिच्यात या प्रचाराचा मोठा वाटा होता. मातेचा शोक येथे वादाचा विषय नाही. तौलनिक दृष्ट्या महत्त्वाचे आहे ते त्या शोकाने निवडलेले कथानक : असह्य आणि कारणहीन वाटणाऱ्या मृत्यूला शापाने एक उच्चारकर्ता मिळतो, एक क्षण मिळतो, एक दोषी मिळतो. म्हैसूरच्या वंशावळीतील रिकाम्या जागांनाही अलमेलम्मा हेच देते. अपत्य न होणे या घटनेला वैद्यकीय कारण असेल, बालमृत्यू असेल, योगायोग असेल. शाप त्या सर्वांना एका वाक्यात बांधतो. शाप भयंकर असला तरी निरर्थकतेपेक्षा सोसण्यास सोपा असतो, हे त्याच्या प्रभावाचे दुसरे रहस्य.

या सीमेचा विचार करण्यासाठी मराठी लोकपरंपरेत दोन नेमके शब्द आहेत : सोंग आणि अंगात येणे. दशावतारात, बोहाड्यात, भारुडात सोंग घेतले जाते आणि उतरविले जाते. सोंग घेणाऱ्याला आपले नाव ठाऊक असते. बोहाड्यातील मुखवट्याला पूज्य मानणारा माणूसही खेळ संपल्यावर तो मुखवटा जागेवर ठेवून घरी जातो. एकनाथांनी भारुडांतून घेतलेली सोंगे तर सोंगाच्या पलीकडे पाहावयास शिकविण्यासाठीच आहेत. अंगात येणे ही याहून निराळी अवस्था. तेथे धारण करणारा आणि धारण केलेले यांतील अंतर काही काळ नाहीसे होते आणि बोलणाऱ्याच्या शब्दाची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. भूमिकाखेळ खेळणाऱ्या पाश्चात्त्य मंडळींनी पात्राची भावना खेळाडूत झिरपण्याला 'ब्लीड' असा शब्द योजला आहे. त्यांना जी अवस्था नव्याने नाव देऊन सांगावी लागली, तिच्या दोन टोकांना मराठीत फार पूर्वीपासून स्वतंत्र नावे आहेत. शापाचा प्रभाव म्हणजे सोंगाचे अंगात येणे होय. प्रतिकार म्हणजे सोंग नाकारणे नव्हे. सोंग हे सोंगच राहील अशी व्यवस्था करणे.

६

म्हैसूरच्या राजकुलाने अशी व्यवस्था दोन मार्गांनी केली.

पहिला मार्ग मूर्तीचा. परंपरा सांगते की, राजा वोडेयरला पश्चात्ताप झाला आणि त्याने अलमेलम्मेची मूर्ती करून पूजा सुरू केली. मुसळाचे चूर्ण करणाऱ्या यादवांच्या नेमके उलट हे कृत्य आहे. शाप देणारीला नष्ट न करता, विसरूही न देता, तिला ठराविक जागा आणि ठराविक वेळ देण्यात आली. जिला दागिन्यांसाठी पळावे लागले, तिच्यासमोर राजकुल वाकू लागले. ज्याला कोणतीच जागा नाही ते कोठेही प्रकट होऊ शकते. ज्याला देवघरात जागा आहे ते इतरत्र भटकत नाही. खेळाच्या परिभाषेत, ज्या शापाला निरसनाचे कलम नव्हते त्याला शापितांनीच ते जोडले.

दुसरा मार्ग दत्तकाचा. धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तविधान हा पुत्राची भूमिका देण्याचा विधी आहे. मुलाचे गोत्र बदलते, पिंडदानाचा अधिकार बदलतो. शरीर तेच राहते. शापाने 'मुले होऊ नयेत' म्हटले होते. वारस असू नये असे म्हटले नव्हते. देह आणि भूमिका यांच्यातील ही फट राजकुलाने ओळखली. शाप देहाच्या भाषेत बोलला, उत्तर भूमिकेच्या भाषेत दिले गेले.

मात्र भूमिका एकट्याने घेता येत नाही. ती कोणीतरी मान्य करावी लागते. याचा पडताळा मराठी इतिहासात मिळतो. साताऱ्याचे छत्रपती शहाजी १८४८ साली निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण डलहौसीच्या सरकारने तो राज्यापुरता मानला नाही आणि सातारा खालसा झाले. १८५४ साली नागपूर आणि झाशी यांचीही तीच गत झाली. त्या घराण्यांवर कोणत्याही अलमेलम्मेचा शाप नव्हता. तरीही निपुत्रिकत्वाने तेथे राज्ये बुडाली, कारण दत्तकाची भूमिका मान्य करणारी सत्ता उरली नव्हती. उलट म्हैसूरचे राज्य १८३१ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असूनही १८६५ चा दत्तक १८६७ मध्ये मान्य झाला आणि १८८१ मध्ये राज्य परत मिळाले. मधल्या काळात १८५७ घडून गेले होते आणि साम्राज्याचे धोरण बदलले होते. शापित घराणे टिकले, शाप नसलेली बुडाली. शापापेक्षा मान्यतेचे राजकारण अधिक बलवान ठरल्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागू नये.

देवराज बाजारालगतच्या सयाजीराव रस्त्याला या संदर्भात वेगळाच अर्थ प्राप्त होतो. ज्या बडोदेनरेशाचे नाव या रस्त्याला आहे, ते सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव. मल्हारराव पदच्युत झाल्यानंतर २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. औरस नसल्याचे भय ज्या राजकुलाच्या कथेच्या मुळाशी आहे, त्याची मिरवणूक दरवर्षी एका दत्तक पुत्राच्या नावाच्या रस्त्यावरून जाते. नामकरण करणाऱ्यांच्या मनात हा अर्थ असण्याचे कारण नाही. वाचकाला तो टाळता येत नाही, एवढे मात्र खरे.

७

येथवरच्या विवेचनावरून म्हैसूरचा प्रतिकार यशस्वी ठरला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अपुरा आहे. चित्रलेखेचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

निपुत्रिकत्वाचा शाप राजांच्या नावे उच्चारला गेला, पण त्याचा भार राण्यांनी वाहिला. अपत्यहीनतेचा दोष स्त्रीकडे जाणाऱ्या समाजात शापाने त्यांना दोषातून सोडविले असेल, असेही म्हणता येईल. कारण दोष त्यांच्या कुशीचा न राहता पूर्वजाच्या अपराधाचा झाला. परंतु त्याच वेळी ज्या अपराधात त्यांचा हात नव्हता त्याची शिक्षा त्यांच्या देहावर नोंदली गेली. दागिने मागणारा पुरुष, त्या मागणीमुळे मरणारी एक स्त्री आणि तिच्या सूडाचा भार वाहणाऱ्या दुसऱ्या स्त्रिया, अशी ही साखळी आहे. सूडाचा शाप अन्याय उघड करतो. न्याय करीत नाही. तो सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दुबळ्या देहावर जाऊन स्थिरावतो. खेळात शाप पात्रावर पडतो आणि खेळाडू फासा टाकू शकतो. राण्यांच्या हाती फासा नव्हता. पात्र आणि खेळाडू अशी फोड करण्याची मुभा त्यांना कोणी दिलीच नव्हती. वंश चालविणे ही त्यांची भूमिका आणि त्यांचा देह एकच मानला गेला. दत्तकाने राजपद वाचविले. राणीपदाच्या या ओझ्याला त्याने स्पर्श केला नाही.

मराठी स्मृतीतील एक प्रसंग या संदर्भात तुलनेस घेण्याजोगा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काकांना घातलेली त्यांची हाक वाड्यात अजून ऐकू येते, अशी आख्यायिका पुण्यात रूढ आहे. पण त्याच घटनेच्या दुसऱ्या अंगाला रामशास्त्री प्रभुणे आहेत. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज गती नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितल्याची परंपरा मराठी मनाने जपली आणि कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने १९०९ मध्ये ती रंगभूमीवर नेली. निकाल अमलात आला नाही. तरी अपराधाला अपराध म्हणणारा मानवी आवाज कथेत आहे, म्हणून पिशाच्चाची हाक ही तिथे एकमेव फिर्याद राहत नाही. तळकाडच्या कथेत रामशास्त्री नाही. तेथे कोणीही उठून राजाला असे म्हणत नाही, की दागिने तिचे होते किंवा निदान तिचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे होते. ती जागा रिकामी असल्यामुळेच शाप तेथे उभा राहिला. न्यायाधीश नसलेल्या कथेत न्यायाधीशाचे काम वाळूला करावे लागते.

यावरून प्रतिकाराची संकल्पनाही तपासून घ्यावी लागते. शापाच्या भयातून होणाऱ्या शोषणाला कायद्याने आळा घालता येतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये तसे कायदे केले आणि त्यांची आवश्यकता वादातीत आहे. पण शाप खोटा ठरविला म्हणजे त्यामागील फिर्यादही खोटी ठरली, असे मानले तर अलमेलम्मेला दुसऱ्यांदा नदीत ढकलल्यासारखे होईल. भयाचा प्रतिकार आणि फिर्यादीचा स्वीकार ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांच्यातील दुष्टपणा जावा असे मागितले. कर्ता आणि त्याचे कर्म यांत केलेली ती फोड शापाच्या तर्काला दिलेले मराठीतील सर्वांत मूलगामी उत्तर आहे. मात्र ते मागणे ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच मागावे, अशी सक्ती करता येत नाही. ज्ञानदेवांनी ते स्वतः मागितले. राजा वोडेयरने ते अलमेलम्मेकडून अपेक्षिण्याचा अधिकार गमावला होता. त्याच्या हाती मूर्ती करून नमस्कार करणे एवढेच उरले होते आणि तेवढे त्या घराण्याने केले.

या पूजेचे वाचन मग दोन प्रकारे होऊ शकते. भीतीपोटी केलेली शांत म्हणून ती वाचली तर शाप अजून अंगात आहे. आपल्या कुलाने एका स्त्रीवर अन्याय केला, याची दर नवरात्रात दिलेली कबुली म्हणून वाचली तर शाप सोंगाच्या मर्यादेत आला आहे; स्मरण उरले आहे, दहशत गेली आहे. विधी तोच, फुले तीच, मूर्ती तीच. देवराज बाजारात कुंकवाच्या राशी मांडून बसलेल्यांकडून नेलेले कुंकू भीतीने वाहिले की कबुलीने, हे बाहेरून ओळखता येत नाही. तो निर्णय वाहणाऱ्या हाताचा असतो, आणि राजवाड्याच्या बाहेरील श्रोत्यालाही तळकाडची वाळू पाहताना तोच निर्णय करावा लागतो.